खंड्याचे तिसरे निवेदन

त्या राज्यात बोलण्याचा अधिकार सर्वांना होता आणि ऐकण्यासाठी एकाची निवड केलेली होती.

निवड रीतसर झाली होती. ओढ्याच्या दोन्ही काठांवरील पक्षी, सरडे, बेडूक, खारी आणि मुंगसे यांनी एकत्र येऊन, प्रतिनिधीला वजन असले पाहिजे, या एकाच निकषावर गव्याला निवडून दिले. निकष चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. गव्याला वजन होतेच. निवडून आल्यावर काठावरच्या जांभळीखाली त्याचा सत्कार झाला. सत्काराला येताना तो ओढ्याच्या वरच्या अंगाची उंच दरड उतरून आला, कारण स्वागताची कमान तेथे उभारलेली होती. गवा एकटा चालत नसतो. त्याच्या मागून त्याचा कळप उतरला. सत्कार एका दुपारीत आटोपला, कमानीची पाने वाळून उडून गेली. पण पाण्यावर येण्याची ती वाट कळपाच्या पायांत बसली, ती बसलीच. तेव्हापासून कळप सकाळ-संध्याकाळ त्याच दरडीवरून पाण्यावर येऊ लागला.

दरड मातीची होती आणि तिच्या पोटात पक्ष्यांची बिळे होती. त्यांपैकी एका बिळात खंड्या आणि त्याची खंडीण राहत असत.

खंड्या हा काटेकोर पक्षी होता. पाण्यातला मासा जेथे दिसतो तेथे तो नसतो, जरा खाली असतो, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच मासा मिळतो. त्यामुळे, दिसते तेच खरे, असे मानून चालणाऱ्यांविषयी त्याला फारसा आदर नव्हता. कोणी ‘चार-पाच मासे होते’ असे म्हटले, तर तो ‘चार की पाच?’ असे विचारी, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचे ऐकत नसे. काठावर त्याला मान होता. मित्र थोडे होते.

त्या वर्षी बिळात चार पिल्ले झाली. ती उघडी, आंधळी आणि सदैव भुकेली होती. कळप वरून जाऊ लागला, की बिळाचे छत थरथरे आणि माती त्यांच्या अंगावर पडे. पहिल्यांदा चिमूटभर पडली. मग मूठभर पडू लागली. मग एके दिवशी छताला एक तडा दिसला, आणि खंडीण त्या तड्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “हे आपल्या पिल्लांच्या आधी मोठं होणार.”

खंड्याने त्याच सकाळी पळसाचे एक पान आणून त्यावर चोचीने टोचून एक वाक्य लिहिले : ‘कळपाच्या रोजच्या ये-जा करण्यामुळे वरची दरड खचत असून, तीमधील पिल्लांच्या जिवास धोका निर्माण झाला आहे.’ वाक्य त्याने पुन्हा वाचले. त्यात खोटे काही नव्हते. खरे सांगितले, की पुढचे आपोआप होते, अशी त्याची समजूत होती.

परंतु त्या राज्यात एकट्याने निवेदन देणे असभ्यपणाचे समजले जाई. निवेदन जांभळीखाली मंडळासमोर ठेवायचे, उपस्थितांपैकी प्रत्येकाने त्यात आपले एक वाक्य घालायचे आणि मग शिंपी पक्ष्याने सारी पाने शिवून द्यायची, अशी रीत होती. वाक्य घालण्यास कोणालाही मज्जाव नव्हता. वाक्य गाळणे मात्र कोणीही करत नसे. दुसऱ्याचे वाक्य गाळणे म्हणजे त्याच्या घरट्यातली काडी ओढणे, असे तेथे लहानपणापासून शिकवले जाई. अनेक पिढ्यांत त्या राज्यात एकही भांडण निवेदनावरून झाले नव्हते, आणि एकही काम निवेदनामुळे झाले नव्हते. मंडळ पहिल्या गोष्टीचा अभिमान बाळगून होते.

अध्यक्षस्थानी साळुंकी होती. तिने पान उलटसुलट करून पाहिले.

“इतकंच, खंडेराव?”

“जे घडतंय ते सगळं त्यात आहे.”

“आहे हो. पण अगदी उघडंबोडकं वाटतं. पाहुण्यांसमोर असं जातं का कुणी?”

पारव्याने लगेच पुढे होऊन निवेदनाला मायना दिला. गवा कर्तव्यदक्ष, लोकाभिमुख आणि विशालस्कंध असल्याचे त्याने नमूद केले, आणि पान भरले म्हणूनच तो थांबला. खारीने, गेल्या हंगामात जांभळे भरपूर आल्याबद्दल प्रतिनिधींचे आभार मानले. सरड्याने, आपल्या बसण्याच्या दगडावर दुपारनंतर सावली येते, याकडे लक्ष वेधले. मुंगसाने सापांच्या वाढत्या प्रवृत्तीबद्दल चिंता व्यक्त केली. बेडकाने पाऊस वेळेवर यावा, अशी अपेक्षा नोंदवली, आणि कोणी काही म्हणण्यापूर्वीच, “राहू द्या, असलेलं बरं,” असे स्वतःच सांगून टाकले. पाने वाढत गेली. शिंपी पक्षी सुंदर, बारीक टाके घालत ती जोडत गेला. खंड्याचे वाक्य मधल्या एका पानावर आले आणि पाने जोडताना एक टाका नेमका ‘पिल्लांच्या’ या शब्दातून गेला.

“शेवटी मागायचं काय?” शिंप्याने दोरा तोडता तोडता विचारले. “म्हणजे, त्यांनी करायचं काय?”

सभा थोडी अस्वस्थ झाली. असा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला नव्हता.

“मोठ्यांना त्यांचं काम शिकवायचं नसतं,” साळुंकी म्हणाली. “‘तरी महोदयांनी योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती,’ असं लिहा. योग्य काय, ते त्यांना कळतं.”

खंड्याला ते पटले. योग्य काय, हे त्याच्या मते इतके उघड होते, की ते लिहिणे म्हणजे वाचणाऱ्याच्या बुद्धीचा अपमान झाला असता. सर्वांनी आपापल्या पंजाचे ठसे उमटवले. निवेदन इतके लांब झाले होते, की ते नेण्यासाठी पारव्यांची रांग लागली. आकाशातून जाताना ते फार शोभिवंत दिसले, असे सर्वांचे मत पडले.

गव्याकडे जाणारा प्रत्येक कागद आधी गायबगळ्याकडे जाई. हा बगळा गव्याच्या पाठीवर, वशिंडाच्या किंचित मागे बसत असे. गव्याच्या अंगावरच्या गोचड्या वेचणे आणि त्याच्या कानात आवश्यक तेवढे सांगणे, ही त्याची दोन कामे होती. पहिल्यावर त्याचे पोट चाले. दुसऱ्यावर त्याची प्रतिष्ठा.

उत्तर लवकर आले. त्यात लिहिले होते : ‘आपले निवेदन प्राप्त झाले. त्यावर योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे.’

जांभळीखाली ते उत्तर दोनदा वाचण्यात आले. बेडकाने आभाळाकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी कळप नेहमीप्रमाणे वरच्या दरडीवरून उतरला, आणि बिळातला तडा बोटभर पुढे सरकला. कोणती कार्यवाही झाली, हे पाहण्यासाठी खंड्या उडत बगळ्यांच्या वस्तीवर गेला. निवेदन त्याला सापडले. ते बगळ्याच्या घरट्यात अंथरलेले होते, आणि बगळ्याची बायको त्यावर बसून शेजारणीला सांगत होती, “टाके काय बारीक आहेत बघ! असलं काम हल्ली मिळत नाही.”

त्याच आठवड्यात शेजारचे बीळ खचले. तेथे वेडा राघू या नावाने ओळखले जाणारे एक अत्यंत शहाणे जोडपे राहत होते. संध्याकाळी कळप उतरताना एका वासराचा पाय सरळ त्या बिळात गेला. वासराला ओरडत वर काढण्यात आले. ते पुढे काही दिवस लंगडत चालत होते. बिळात अंडी होती. राघूचे जोडपे एका फांदीवर जवळ जवळ बसून राहिले, आणि दोघांपैकी कोणीही त्याविषयी मंडळाकडे काही लिहून दिले नाही. सकाळी फांदी रिकामी होती.

खंड्याच्या पिल्लांना तेव्हा नुकते पिसांचे कोंब फुटू लागले होते.

आता खंड्याने रीत मोडली. मंडळाला न विचारता त्याने एकट्याने निवेदन लिहिण्यास घेतले, आणि ते लिहिताना त्याच्यातला काटेकोरपणा पूर्ण तेजाने प्रकट झाला. दरडीची माती कोणत्या प्रकारची आहे, येथून त्याने आरंभ केला. ती पूर्वी किती उंच होती आणि आता किती राहिली आहे, हे त्याने उडून, मोजून लिहिले. कळप तेथून पूर्वी कधीही उतरत नसे. ही वाट प्रतिनिधींच्या सत्काराच्या दिवशी पडली. सबब दरड खचण्याचे मूळ कारण स्वतः प्रतिनिधी आहेत, हे त्याने पायरीपायरीने सिद्ध केले. निवडणुकीच्या वेळी गव्याने ‘लहानातल्या लहानाची काळजी घेईन’ असे जांभळीखाली म्हटल्याचे त्याने त्याच शब्दांत उद्धृत केले, आणि ते शब्द व प्रत्यक्ष वर्तन यांतील अंतर दाखवणारे एक वाक्य लिहिले. ते वाक्य इतके नेमके होते, की लिहून झाल्यावर तो क्षणभर पिल्लांनाही विसरला.

“ऐक,” तो खंडिणीला म्हणाला, आणि त्याने ते वाचून दाखवले.

“छान आहे,” खंडीण म्हणाली. “त्यांना झोंबेल.”

“झोंबायलाच हवं.”

खंडिणीने पिल्लांच्या अंगावरची माती चोचीने झटकली.

या निवेदनाचे उत्तर आले नाही. कळप येत-जात राहिला. खंड्याने वाट पाहिली आणि अखेर तो स्वतः कुरणावर गेला. गवा चरत होता. खंड्या जवळच्या एका खुंटावर बसला.

“या, या, खंडेराव,” बगळा गव्याच्या पाठीवरून हळू आवाजात म्हणाला. “काय काम काढलंत?”

“माझं निवेदन पोहोचलं का?”

“पोहोचलं म्हणजे काय! दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तर नुसतं आनंदासाठी. एक चूक काढून दाखवावी कुणीही.”

“मग उत्तर का नाही?”

“कारण त्याला उत्तर नाही,” बगळा म्हणाला. “तुम्ही सोयच ठेवली नाहीत. ‘साहेब, दरड तुमच्यामुळे पडते आणि तुम्ही शब्द पाळला नाही,’ हे साहेबांच्या पाठीवर बसून साहेबांना कोणी सांगायचं? मी? आणि सांगितल्यावर मी बसू कुठे?”

“पण ते खरं आहे.”

“मी कुठे नाही म्हणतो?” बगळ्याने एक गोचडी टिपली, गिळली आणि चोच पुसली. “हे बघा. साहेबांचं चरणं संपतं आणि रवंथ सुरू होतं. त्या मधल्या वेळात मला कानात एक वाक्य सांगता येतं. एकच. एकदा जबडा हलायला लागला, की पुढचं सगळं गवतात जमा. आता मला सांगा, तुमच्या एवढ्या निवेदनातलं मी कुठलं वाक्य सांगायचं?”

खंड्या विचारात पडला. त्याला ते नेमके वाक्य आठवले.

“ते नव्हे,” बगळा म्हणाला. “ते मला पाठ आहे. साहेबांनी करायचं काय, ते सांगा.”

“ते उघड आहे!”

“उघड असतं ते कोणीच करत नाही हो. सांगितलेलं असलं, तर कधीमधी करतात.”

त्याच वेळी गव्याने मान वर केली, एक दीर्घ श्वास सोडला आणि त्याचा जबडा संथपणे हलू लागला. बगळ्याने मान खांद्यात ओढून घेतली. आता काही सांगण्याची वेळ टळली होती.

परत आल्यावर खंड्या बराच वेळ ओढ्यावरच्या फांदीवर बसून होता. बगळा संधिसाधू होता, गोचड्यांवर जगणारा होता, आणि त्याला सत्याची चाड नव्हती; हे सर्व खंड्याला मान्य होते. अडचण इतकीच होती, की गव्याच्या कानापाशी तोच बसत होता. बिळातला तडा आता छताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला होता. पिल्ले उडण्यायोग्य होण्यास अजून अवकाश होता. ‘माझे म्हणणे खरे होते,’ हे वाक्य पडलेल्या दरडीपुढे उभे राहून म्हणता येईल, असे त्याच्या मनात आले, आणि ते ऐकायला तेव्हा कोण असेल, असेही.

त्याने बिळाच्या तोंडाशी दुसऱ्या निवेदनाची पाने आणून पसरली.

“मी वाचतो,” तो खंडिणीला म्हणाला. “तू ऐक. ज्या वाक्यानं कळप वळणार नाही, ते सांग.”

त्या राज्यात असे काम पूर्वी कोणी केलेले नव्हते. दोघेही प्रथम चोरी करावी तसे हळू बोलत होते.

“‘या दरडीची माती तांबूस, चिकट आणि...’”

“यानं वळेल कळप?”

“नाही.”

“मग टाका.”

“‘ऐतिहासिकदृष्ट्या पाहता...’ हे तरी ठेवू?”

“पिल्लांना ऐतिहासिक करायचंय का?”

ते पान पाण्यावर गेले. मोजमापे गेली. जांभळीखालचा शब्द गेला. शेवटी ते एक नेमके वाक्य उरले. खंड्याने ते वाचले नाही. खंडिणीला ते ठाऊक होते. तिने पिल्लांना पंखांखाली घेतले आणि ती दुसरीकडे पाहू लागली. खंड्याने ते पान चोचीत उचलले, पाण्यावर नेले आणि सोडून दिले. ते लगेच बुडाले नाही. ओढ्याने ते थोडे फिरवले, आणि मग वाहून नेले.

“आता उरलं काय?” खंडिणीने विचारले.

“काहीच नाही.”

“बरं झालं. आता लिहा, त्यांनी करायचं काय.”

“कळप खालच्या उतारानं न्यायचा. पिल्लं उडेपर्यंत.”

“आणि त्यांनी का न्यायचा?”

“पिल्लं आहेत म्हणून!”

“पिल्लं आपली आहेत,” खंडीण म्हणाली. “त्यांचं कोण लंगडतंय?”

खंड्याने तिच्याकडे पाहिले. “त्या वासराचा आपल्या तक्रारीशी काय संबंध?”

“आपल्या तक्रारीशी नाही हो. त्यांच्याशी आहे.”

खंड्या लिहिण्यापूर्वी खालच्या उतारावर जाऊन आला. उतार वाळूचा आणि सोपा होता. तेथे कोणाचे बीळ, घरटे किंवा अंडी नाहीत, हे त्याने काठाकाठाने उडून पाहून घेतले. काटेकोरपणाचा एवढा उपयोग त्याने स्वतःस करू दिला. मग त्याने पळसाचे एकच पान घेतले.

‘प्रतिनिधी महोदयांस,’ त्यात लिहिले होते, ‘मी आपल्या काठचा मतदार खंड्या. वरच्या दरडीतील बिळात आमची चार पिल्ले आहेत. ती उडून जाईपर्यंत कळप खालच्या उताराने पाण्यावर न्यावा, अशी विनंती आहे. तो उतार वाळूचा आहे. तेथे वासरांचे पाय खचणार नाहीत. कळावे.’

पान इतके लहान होते, की ते नेण्यासाठी कोणाचीही आवश्यकता पडली नाही. खंड्याने ते स्वतः नेले. जाताना जांभळीखालून साळुंकीने हाक मारून विचारले, “एकटेच? कुणाचं एक वाक्यही नाही घेतलंत, खंडेराव?” खंड्याच्या चोचीत पान असल्यामुळे त्याला उत्तर देता आले नाही, आणि उद्धटपणाची ती गोष्ट मंडळात बराच काळ बोलली गेली.

बगळ्याने पान वाचले. ते वाचण्यास त्याला एक गोचडी टिपण्याइतकाही वेळ लागला नाही. गव्याचे चरणे संपत आले होते. बगळा वशिंडावरून पुढे सरकला, त्याने कानाशी वाकून काहीतरी सांगितले आणि तो परत मागे येऊन बसला. गव्याने कान हलवला. मग तो रवंथ करू लागला. तो दुपारभर रवंथ करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुरांचा आवाज नेहमीच्याच वाटेने आला.

बिळात खंड्या आणि खंडीण पिल्लांवर पंख पसरून बसली होती. छतातून माती गळू लागली. एक ढेकूळ सुटून खंडिणीच्या पाठीवर आदळले. आवाज जवळ आला, अगदी डोक्यावर आला, आणि तेथे थांबला. माती गळतच होती. वरून गव्याचा जड, संथ आवाज ऐकू आला.

“काल माझ्या मनात एक विचार आला,” गवा कळपाला सांगत होता. “ही वाट वासरांच्या पायांना बरी नाही. खालच्या बाजूला वाळू आहे. आपण काही दिवस तिकडून जाऊ. शिवाय इथं म्हणे कुणाची पिल्लंबिल्लंही आहेत, तीही वाचतील.”

खंड्याने आपले वाक्य ओळखले. त्याची पुढची बाजू मागे गेली होती आणि मागची पुढे आली होती. वर क्षणभर काहीच हालले नाही. मग एक खूर उचलला गेला, मग दुसरा. आणि खुरांचा आवाज काठाकाठाने खाली, दूर दूर जात राहिला. पिल्लांनी चोची उघडल्या. खंडीण पाठीवरची माती न झटकताच म्हणाली, “जा आता. उपाशी आहेत.”

कळपाने वाट बदलल्याची बातमी जांभळीखाली पोहोचली, तेव्हा मंडळाला आश्चर्य वाटले नाही. पहिल्या निवेदनातील ‘योग्य ती कार्यवाही’ हीच असणार, याबद्दल सर्वांचे एकमत होते. शब्दरचना अचूक असली, की थोडा उशीर झाला तरी फळ मिळते, असे साळुंकी म्हणाली. आपल्या मायन्याचा परिणाम झाला, असे पारव्याला वाटत होते, आणि त्याने ते कोणापासून लपवून ठेवले नाही. सरड्याने आपल्या दगडाकडे जाऊन पाहिले. सावली होतीच, पण तो आशावादी होऊन परतला. गव्याचा सत्कार करण्याचे ठरले. आभाराच्या निवेदनात प्रत्येकाने एक वाक्य घातले. ते पहिल्यापेक्षाही लांब झाले.

सत्काराच्या दिवशी गवा खालच्या उताराने आला. कमान या वेळी तेथे उभारलेली होती. जांभळीखाली जागा पुरली नाही, म्हणून सभा दरडीच्या पायथ्यापर्यंत पसरली होती. बगळा आपल्या जागी होता. आभाराचे वाचन संपल्यावर गवा बोलण्यासाठी पुढे आला.

“एके दिवशी पहाटे,” तो म्हणाला, “मी एकटाच या दरडीवर उभा होतो. मला पायाखाली एक बारीक आवाज ऐकू आला. मी वाकून पाहिलं. आत एका सुतारपक्ष्याची सहा पिल्लं होती.”

सभेत पंखांचा फडफडाट झाला. बेडकाला गहिवरून आले.

“मला कोणी काही सांगितलं नव्हतं,” गवा पुढे म्हणाला. “सांगावं लागतं तो प्रतिनिधी कसला?”

या वाक्यावर फडफडाट इतका झाला, की जांभळीची काही पिकली जांभळे खाली पडली.

खंड्या त्या वेळी बिळाच्या तोंडाशी, दरडीतून बाहेर आलेल्या एका मुळीवर बसलेला होता. तो नुकताच ओढ्यावरून आला होता आणि त्याच्या चोचीत एक मासा आडवा धरलेला होता. तो सभेपासून इतक्या जवळ होता, की त्याने एक शब्द उच्चारला असता, तरी तो सर्वांना ऐकू गेला असता. पिल्ले चार होती. ती सुतारपक्ष्याची नव्हती. गवा वाकल्याचे कोणी कधी पाहिलेले नव्हते. बगळ्याने गव्याच्या पाठीवरून त्याच्याकडे एकदा पाहिले, आणि मग तो मोठ्या एकाग्रतेने गोचडी शोधू लागला. खंड्याच्या मानेवरची पिसे उभी राहिली होती. मासा चोचीत वळवळत होता.

“अहो,” आतून खंडिणीचा आवाज आला, “थोरला आज पंख हलवून बघतोय. येताय ना? आणि बाहेर एवढं काय म्हणतायत ते?”

तिच्या मागून चार चोची एकदम उघडल्याचा आवाज आला.

खंड्या स्वतः मासा गिळतो, तेव्हा माशाचे डोके आपल्या घशाकडे ठेवतो. दुसऱ्याला भरवायचा असेल, तेव्हा तो मासा चोचीत फिरवून त्याचे डोके बाहेरच्या बाजूस करतो. म्हणजे घेणाऱ्याच्या घशात खवले उलटे अडकत नाहीत. खंड्याने मासा मुळीवर दोनदा आपटून शांत केला, सावकाश फिरवला, आणि सभेकडे पाठ करून तो बिळात शिरला.